पापांचं माप

लुईझियानाच्या खाडीत आल्सीदने मोटर बंद केली आणि होडी वाऱ्यावर सोडून दिली. त्याच्या थोरल्या बहिणीने, ओदीलने, कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्याखालून अलगद गळ घातला. तिथल्या काळ्या ठिपक्याला धक्का लागला की कोळंबी मरते, आणि मेल्या कोळंबीकडे ट्राउट ढुंकूनही बघत नाही. मोठा मिजासखोर मासा!

उद्या ओदील कायमची लाफायेतला, मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी निघाली होती. इथली आठवण म्हणून एकच वस्तू न्यायची होती तिला: वडिलांनी, पापांनी, चाकूने कोरून लाल रंगवलेलं गळाच्या दोरावरचं हे तरंगतं बूच. पण त्याआधी त्याच्याखाली शेवटचा एक ट्राउट लागायला हवा होता.

मासा आवाजाला यावा म्हणून ती दोराला हिसका द्यायची, बूच ‘गुळुक’ करायचं. लहानपणी त्या आवाजासरशी पापा, ती आणि शेंबडा आल्सीद, तिघंही श्वास रोखून बसायची. काय दिवस होते ते! आज नुसतंच गुळुक.

“गळ आणखी खाली सोड,” आल्सीद म्हणाला. “बुचाखाली हातभर दोराने काय होतंय?”

“पापांचं माप आहे.”

“पापांच्या वेळच्या पाण्याचं. आता पाणी वाढलंय. तुझी कोळंबी वरच्या वर सहल करतेय.”

“शहाणाच आहेस! लग्न होईपर्यंत तुला गळ बांधता येत नव्हता.”

“बायकोने शिकवला. सगळ्या गावाला ठाऊक आहे. वाढव गं बाई!”

ओदीलने पाण्याकडे पाहिलं. या उघड्या पाण्याखालीच कुठेतरी त्यांचं अंगण होतं, अंजीर होता. माप बदलायचं म्हणजे ते सगळं गेलं, असं स्वतःच्या हाताने कबूल करायचं. तिच्या जिवावर आलं होतं. पण मासा तर हवा होता. शेवटी तिने बूच दोरावर बरंच वर सरकवलं.

थोड्याच वेळात बूच गडप झालं.

“लागला!” आल्सीद ओरडला.

काठी वाकली, पण दोराला धडपड नव्हती. ओदीलने काठावरची पाण्याची टाकी पाहिली, मग वाळका ओक पाहिला आणि त्या खुणांवरून जागा ओळखली.

“मासा नाही. कुंपण आहे. आपलं, अंजिराकडचं.”

“थांब, होडी मागे घेतो. बूच सोडवू.”

त्याचा हात मोटरकडे गेला. ओदीलला ते बूच फार हवं होतं. तरी तिने चाकू काढला आणि काठीजवळ दोर कापला. बूच टुणकन वर आलं आणि लाटांवर जागच्या जागी डुलत राहिलं.

“वेड लागलं का तुला? पापांचं बूच होतं ते!”

“असू दे. आपल्यातलं कुणीतरी घरी राहू दे.”

वारा होडीला लांब नेत होता. तो लाल ठिपका दिसेनासा होईपर्यंत आल्सीदने मोटर सुरू केली नाही.