गप्प बसवलेला नकाशा

मित्रांनो, मी जहाजावरचा एक जुना संगणकी नकाशा आहे. सध्या इंडोनेशियातल्या मकासर बंदरामागच्या गोदामात दोन गंजक्या पंपांच्या मध्ये पडून आहे. इथे माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

माझी घडण मोठ्या शिस्तीची. देशोदेशींच्या जाणत्यांनी एकत्र बसून ठरवले, की समुद्राचा नकाशा कुठलाही असो, पडद्यावरच्या खुणा सगळीकडे सारख्याच हव्यात. उथळ पाणी निळे, खोल पाणी पांढरे. जहाज उथळाकडे निघाले की मी ओरडायचे, हाही त्यांचाच नियम.

सिमेंट वाहणाऱ्या 'बिंतांग सलायार'वर मला बसवले, तेव्हा कप्तानाने कौतुकाने सगळ्यांना बोलावून दाखवले. पण फ्लोरेसच्या समुद्रात पोवळ्यांचे खडक पावलोपावली. मी सारखा ओरडायचो. लवकरच माझे नाव 'किरकिऱ्या' पडले. मग रीतच झाली, ज्याचा हात जवळ असेल त्याने माझा आवाज बंद करायचे बटण दाबायचे. झाडणारा दाबायचा, रंग देणाराही दाबायचा. मी कशाला ओरडलो, ते कुणी पाहायचे नाही. एवढ्या माणसांत मला फार एकटे वाटायचे.

फक्त दुय्यम अधिकारी एस्तर लिंबोंग आधी पडद्यात वाकून बघायची आणि मगच बटण दाबायची. तोराजाच्या डोंगरातल्या या मुलीला कप्तान व्हायचे होते.

त्या दुपारी पहारा तिचा होता. मासेमारीच्या होड्या चुकवायला तिने जहाज जरा वळवले आणि दुर्बीण घेऊन ती बाहेरच्या सज्जात गेली. वळलेल्या वाटेवर पाण्याखाली खडक होता. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. तेवढ्यात आचारी हामिदी तिची कॉफी घेऊन आला.

"झालं याचं सुरू," असे पुटपुटत त्याने जाता जाता मला गप्प केले. वाऱ्यात तिला काहीच ऐकू गेले नाही.

जहाज खडकावर चढले. माणसे वाचली, पण तळ फाटला.

चौकशीत विचारले, बटण कुणी दाबले. हामिदीचे तोंड उतरले. कप्तान खाली बघत राहिला.

"पहारा माझा होता. बटणही मीच दाबलं समजा," एस्तर म्हणाली. तिचा परवाना गेला.

ती सामान घ्यायला आली, तेव्हा हामिदी दारात रडत उभा होता.

"एस्तरबाई, मी जाऊन खरं सांगतो."

"तुम्ही एकटे कुठे दाबत होता? सगळं जहाज दाबायचं. मी कधी कुणाला अडवलं?" मग तिने बाहीने माझा पडदा पुसला. "तू ओरडला होतास रे."

माझ्याशी कुणी बोलले ते तेवढेच. पुढे नकाशांचे नवे नियम आले, नवे नकाशे मला वाचता येईनात, आणि मला इथे आणून टाकले.

मित्रांनो, तुमच्या जवळचे कुणी सारखे किरकिर करत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी ते काय दाखवते आहे तेवढे बघा. एस्तर आता गावी कॉफीच्या मळ्यात राबते, असे परवा गोदामात कुणी म्हणाले. तिथून समुद्र दिसत नाही.