खातूनबीचा वंश

दुपारी साडेचार वाजता खातूनबीचा फॉर्म दुसऱ्यांदा परत आला, आणि रागिणीने टॅब्लेट ओट्यावर आदळता आदळता स्वतःला आवरलं.

मधुमेहाच्या एका परदेशी पाहणीसाठी ती महिनाभर बाळापुरात घरोघर फिरत होती. खातूनबीची साखर निघाली तीनशे चाळीस. फॉर्म पाचच्या आत पुढे गेला तरच गुरुवारी अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या यादीत म्हातारीचं नाव लागणार होतं. अडलं होतं ते ‘वंश’ या रकान्यात. रागिणीने ‘आशियाई’ निवडलं होतं. शेजारच्या कौशल्याबाईंसाठीही तेच निवडलं होतं, आणि तो फॉर्म पहिल्या झटक्यात गेला होता.

तिने पुण्याला पर्यवेक्षक पियुष सरांना फोन लावला.

“त्या मुस्लिम आहेत ना? मग ‘अरब’ टाका. तसंच ठरलंय.”

“अरब कशा, सर? यांच्या सात पिढ्या बाळापुरातच गेल्या.”

“पण त्यांचा समूह वेगळा आहे ना?”

“समूहाचा रकाना खाली वेगळा आहे! घरात काय बोलता, सणाला काय रांधता, स्वतःला काय म्हणवता, ते तिथे लिहिलंय मी. ‘वऱ्हाडी मुसलमान, घरी उर्दू.’ वंश म्हणजे कातडी आणि चेहरा बघून कुणीतरी पाडलेले कप्पे. त्यातही या दोघी शेजारणी एकाच कप्प्यात बसतात. धर्म तर तिसरीच गोष्ट आहे, सर.”

“वाद घालू नका. नियम मी केलेले नाहीत.” फोन बंद झाला.

“काय म्हनते तो?” दारात बसलेल्या कौशल्याबाईंनी विचारलं.

“चाचीले अरब लिवा म्हनते.”

“कावून? तिचे लेकरं, माहे लेकरं, एकाच दाईच्या हातचे!”

खातूनबीने पदराने कपाळ पुसलं. “लिव बेटा. मले गोळ्या पायजेत.”

“पन हे खोटं हाय, चाची.”

“खरं लिवून डाक्टर भेटते का?”

रागिणीने घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा मिनिटं होती. तिने ‘अरब’वर बोट ठेवलं. फॉर्म लगेच गेला.

गुरुवारी खातूनबीला डॉक्टरांनी तपासलं, औषध सुरू झालं. रागिणीला मात्र त्याचा आनंद धड घेता आला नाही. तिने पाहणीच्या कार्यालयाला या रकान्याबद्दल तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याचं उत्तर आलं: ‘आपली सूचना नोंदवली आहे.’

पुढच्या आठवड्यात फारुख शिंप्याचा फॉर्मही तसाच परत आला. त्याची साखर अगदी ठीक होती. रागिणीने ‘आशियाई’ बदललं नाही. फॉर्म तिथेच अडकू दिला, टॅब्लेट पिशवीत टाकला आणि पुढच्या घरी गेली.