फ्रान्सचा बेत, पंडितरावांच्या कानातून

मित्रांनो, मी कानामागे बसणारं एक जुनं मशीन आहे. डॉक्टर मला श्रवणयंत्र म्हणतात, घरात मात्र मी ‘बाबांचं मशीन’. माझा रंग एके काळी गव्हाळ होता, आता चहाच्या डागासारखा झाला आहे. तरी मी अजून ऐकतो आणि ऐकलेलं पुढे पोचवतो. काय पोचवावं आणि काय गिळून टाकावं, हे ठरवायची सोय मात्र मला बनवणाऱ्यांनी माझ्यात केली नाही.

नागपूरला सीताबर्डीच्या एका दुकानात मी काचेमागे बसून होतो, तिथे पंडितराव आले. त्यांनी सारी नोकरी कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांपाशी काढली होती. त्या आवाजात त्यांचे कान गेले. दुकानदाराने मला त्यांच्या कानाला लावलं, तेव्हा शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी गिरजाबाई पुटपुटल्या, “लागू पडलं तर बरं होईल बाप्पा.”

पंडितराव खुर्चीतून उठलेच. “गिरजा, तू बोलतेस? मला वाटलं, तू बोलणंच सोडलं!”

दोघंही हसत सुटले. माझ्या आयुष्यातला तो पहिला आनंद. त्यानंतर पंडितरावांनी मला जिवापाड जपलं. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचं, इवल्या ब्रशने नळी साफ करायची, मग कानात बसवायचं.

पुढे त्यांचा मुलगा अनुप याने आई-बाबांना कायमचं अमेरिकेत बोलावून घेतलं. न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावात त्याचं घर आहे. घरात अनुप, त्याची बायको उपासना आणि त्यांची मुलगी निधी. पंडितराव रोज तळ्यापर्यंत चालत जात आणि परत येताना शेजारच्यांच्या कुत्र्यांशी मराठीत बोलत. नागपूरचे त्यांचे जुने सोबती एकनाथ यांचा फोन आला की स्पीकर लावून मोठ्याने म्हणत, “जय भीम, एकनाथ!” पलीकडूनही तेवढ्याच जोराने उत्तर येई.

यंदा घरात फ्रान्सला जायचा बेत सुरू झाला. आमचं घर, आणि अनुपच्या ऑफिसातला पुण्याचा कृष्णा व त्याची बायको शुभा, अशी दोन कुटुंबं मिळून जाणार होती. आधी पॅरिस. मग आगगाडीने ल्वार नदीच्या काठी जायचं, खेड्यात स्वयंपाकघर असलेलं एक मोठं घर भाड्याने घ्यायचं, एकच मोठी गाडी घ्यायची आणि राजवाडे, द्राक्षांचे मळे, आठवड्याचा बाजार पाहत हिंडायचं.

पंडितरावांना या बेताचं भारी वेड लागलं. निधीने त्यांना टॅबवर खेड्यांचे फोटो दाखवले. एका फोटोवर ते थांबले.

“हे दारावर काय कोरलंय गं?”

“दॅट्स द टाउन हॉल, आजोबा. लिबर्टी, इक्वॅलिटी, फ्रॅटर्निटी. एव्हरी व्हिलेज हॅज इट.”

“स्वातंत्र्य, समता, बंधुता? खेड्यातल्या कचेरीवर?” ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “राजवाडे तुम्ही बघा. मला या दारासमोर उभं राहायचंय.”

ते रोज निधीकडून फ्रेंच शब्द शिकू लागले. ‘बोंजूर’, म्हणजे नमस्कार, ते असं म्हणत की हसता हसता गिरजाबाईंना पोळी उलटायचं भान राहत नसे.

मित्रांनो, इथपर्यंत सांगताना मला बरं वाटतं. पुढचं सांगताना मात्र लाज वाटते.

एका रविवारी कृष्णा आणि शुभा सगळं पक्कं करायला घरी येणार होते. सकाळी अनुप आणि उपासना स्वयंपाकघरात बोलत होते. पंडितराव पलीकडे सोफ्यावर होते. मी त्यांच्या कानात आहे, हे अनुपच्या लक्षात आलं नाही.

“बाबांना नको नेऊया,” अनुप म्हणाला.

“काय? ते किती एक्सायटेड आहेत, अनुप.”

“अगं, फोन आला की ते जय भीम, जय भीम ओरडतात. कृष्णाला माहीत नाहीये. एवढे दिवस एका घरात राहायचं म्हणजे...”

“माहीत नाहीये, कारण तू सांगितलं नाहीस.”

खरं होतं ते. आपण बौद्ध आहोत, हे अनुपने ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. आडनावावरून कळत नव्हतं, आणि त्याने कळू दिलं नव्हतं.

“माझ्या टीमचं काम कृष्णाच्या हातात आहे, यार,” तो म्हणाला. “मला उगाच सगळं ऑकवर्ड नकोय. त्यांना सांगू, बाबांचे गुडघे दुखतात.”

शब्द न् शब्द मी पोचवला. पंडितरावांच्या मानेची शीर माझ्या अगदी जवळ असते. ती एकदम जोरात उडू लागली. त्यांनी हळूच मला कानातून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. बॅटरीचं झाकण उघडून मला बंद करायला ते विसरले, म्हणून खिशातही मी जागाच राहिलो.

पाहुणे आले. चहा झाला. पॅरिसमध्ये कुठे उतरायचं, नदीवरची बोट कधी घ्यायची, खेड्यात ड्राइव्ह कोण करणार, असं सगळं बोलणं चाललं होतं.

“काका, तुम्ही येताय ना?” कृष्णाने विचारलं.

पंडितरावांना ऐकू गेलं नाही. अनुपच बोलला, “बाबांना नाही जमणार. त्यांचे गुडघे...”

“गुडघे?” गिरजाबाई म्हणाल्या. “हे तर रोज तळ्याला जाऊन...” आणि त्या मध्येच थांबल्या. अनुपने त्यांच्याकडे कसं पाहिलं असेल, ते मला खिशात बसूनही समजलं.

तेवढ्यात टेबलावर पंडितरावांचा फोन वाजला. त्यांना तो ऐकू येत नव्हता, म्हणून तो वाजतच राहिला. अनुपने बंद करायला म्हणून उचलला, आणि घाईत भलतीकडेच बोट लागून फोन सुरू झाला, हे मागाहून कळलं. स्पीकर नेहमीसारखा चालू होता.

“जय भीम, पंडितराव!” एकनाथांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. “झाली का पॅरिसची तयारी?”

मग अनुपचा आवाज आला.

“राँग नंबर.”

त्याने फोन ठेवून दिला. शुभाने चमच्याने कपात ढवळल्याचा आवाज आला, नंतर तोही थांबला.

मित्रांनो, मी खिशात होतो, म्हणून तेवढं तरी पंडितरावांना कळणार नाही, असं मला वाटलं. पण कारखान्यात, जिथे कुणाचं काही ऐकू येत नाही, तिथे माणसं ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात. त्यांनी पडद्यावर एकनाथांचं नाव पाहिलं होतं आणि मुलाचे ओठही पाहिले होते. ते उठले, आपल्या खोलीत गेले, माझी बॅटरी काढली आणि मला डबीत ठेवून दिलं.

डबीत मला काहीच कळत नव्हतं. त्या दिवसांतलं जे मला ठाऊक आहे, ते मागाहून गिरजाबाईंच्या तोंडून ऐकलेलं. पंडितराव कुणावर रागावले नाहीत, जेवण सोडलं नाही. फक्त मला हात लावला नाही. कुणी काही म्हटलं की मान हलवत. निधी “बोंजूर, आजोबा!” म्हणायची, ते नुसते हसायचे. एकनाथांचा फोन पुन्हा आला नाही. अनुप गिरजाबाईंना म्हणाला, “आई, तू तरी त्यांना समजाव ना.” त्या म्हणाल्या, “मी काय समजावू? तू आपल्या बापाला राँग नंबर म्हणून राहिला!”

तेव्हापासून अनुपला घरात वर मान करून बोलता येईना. शेवटी ऑफिसात त्याने आपण बौद्ध असल्याचं कृष्णाला स्वतःहून सांगितलं. कृष्णा लगेच म्हणाला, “अरे, मग काय झालं? आम्ही असलं काही मानत नाही.” पण थोड्याच दिवसांत त्याचा मेसेज आला, आमच्या तारखा जुळत नाहीत, तुम्ही पुढे व्हा. तारखा खरंच जुळत नव्हत्या की नाही, कोण जाणे. उपासनाने मेसेज वाचला आणि एवढंच विचारलं, “आता बाबांशी कोण बोलणार?”

मला जाग आली तेव्हा मी अनुपच्या हातात होतो. नवी बॅटरी घातलेली, पण नळीत त्या रविवारचा मळ तसाच वाळलेला. नळी कशी साफ करतात, हे त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याने चुकतमाकत ब्रश फिरवला, बाबांच्या पुढ्यात गुडघे टेकून बसला आणि मला त्यांच्या कानात घालू लागला. मी तिरका बसलो आणि शिट्टी वाजवू लागलो. पंडितरावांनीच मला सरळ केलं.

अनुपने त्यांच्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

“हॅलो?” एकनाथांचा आवाज कोरडा होता.

“जय भीम, काका. मी अनुप. त्या दिवशी राँग नंबर नव्हता. मीच होतो.”

पलीकडून मग एकनाथ म्हणाले, “मला ठाऊक होतं, पोरा. तुझा आवाज मी तुझ्या बारशापासून ओळखतो.”

अनुप रडू लागला. पंडितरावांनी त्याला जवळ घेतलं नाही. पण मला कानातून काढलंही नाही. त्याचं सगळं रडणं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “फ्रान्सला यायचं की नाही, हे मला कुणी विचारलंच नाही. आधी विचार.”

“बाबा, याल?”

“सांगतो,” पंडितराव म्हणाले.

त्यांनी पुष्कळ दिवस लावले. अनुप रोज सकाळी माझी नळी साफ करून देतो आणि रोज विचारतो. काल ते ‘हो’ म्हणाले. पण स्वयंपाकघरात कुणी हळू बोललं की ती मानेची शीर अजून उडते. तिला समजावणं माझ्या हातात नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या मशीनला रोज पुसावं लागतं, वेळेवर बॅटरी द्यावी लागते. तेवढं जरूर करा. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. आपल्या घरची माणसं कोण आहेत, हे चारचौघांत सांगायची वेळ आली, तर आवाज खाली आणू नका. आम्ही मशीनं खालचा आवाजही पोचवतो, आणि तोच सगळ्यात जास्त लागतो.