पाय उचलू नकोस, आत्या!

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या ब्रेकचं पेडल आहे. आज मला गप्प बसवतच नाही, तेव्हा जरा ऐका!

लोखंडी पट्टीला बाक देऊन, वर काळं रबर चढवून कारखान्यात मला घडवलं. पुढची कित्येक वर्षं बाबांचा उजवा पाय हेच माझं जग होतं. बाबा बसचे ड्रायव्हर. सुटीच्या दिवशी घरच्या गाडीत बसले की आधी मला दाबून बघायचे आणि म्हणायचे, "शाबास रे पठ्ठ्या!" मग बाबा निवृत्त झाले, त्यांचे गुडघे कुरकुरू लागले आणि गाडीवर ताडपत्री पडली. दोन वर्षं मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणि काल दुपारी ताडपत्री सर्रकन उडाली! बाबांची लेक, म्हणजे आमची ताई, नर्स झाली होती. टेकडीखालच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पहाटे तिची पहिली ड्यूटी होती आणि त्या वेळी टेकडीवरून एकही बस नव्हती. बाबांनी मला दाबलं, तर मी थेट खाली टेकलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! एक रबरी नळी गळत होती आणि ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली होती.

"पेडल घट्ट लागेपर्यंत किल्ली माझ्या खिशात," बाबा म्हणाले. "सगळा उतार आहे, पोरी. थट्टा नाही."

"मग मीच दुरुस्त करते!" ताईनं बाह्या सरसावल्या.

तिनं गाडी भक्कम टेकूंवर चढवली, नळी बदलली, नवे पॅड बसवले. आता हवा काढायची होती, आणि त्याला जोडी लागते. एकानं मला दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचा छोटा स्क्रू सैल करायचा, की पारदर्शक नळीतून बुडबुड्यांसकट ऑइल बाटलीत उतरतं. स्क्रू आवळल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर हवा परत आत! बाबा वरच्या डबीत नवं ऑइल ओतत राहिले आणि माझ्यावर पाय ठेवायला आत्या बसली. आत्या शिवणकाम करते. चाळीस वर्षं पायाचं मशीन चालवलेली बाई!

"दाब!" ताई चाकामागून ओरडली.

"दाबलं गं!"

बुडबुडे निघाले. पुन्हा दाबलं, पुन्हा निघाले. ऑइलची अर्धी बाटली संपली, तरी पहिल्याच चाकाचे बुडबुडे संपेनात. ताईचे डोळे भरून आले. मला सगळं कळत होतं. स्क्रू उघडा असतानाच आत्याचा पाय सवयीनं वर यायचा! पण सांगणार कसं, मला तोंड कुठे?

एवढ्यात ताई ओरडली, "अगं, नळीतलं ऑइल उलटं पळतंय! आत्या, पाय उचलतेस का?"

"मी? छे! अगोबाई, हो गं! मेला पाय ऐकतच नाही!"

ताईनं स्क्रू आवळला आणि विचारलं, "आत्या, कॉलरचं टोक शिवताना काय करतेस?"

"सुई कापडात रुतवते, पाय रोखते आणि कापड वळवते."

"मग आत्ता सुई कापडात आहे असं समज. मी 'वळवलं' म्हणेपर्यंत पाय उचलू नकोस!"

काय सांगू मित्रांनो, तो पाय असा थांबला की तसूभरही हलला नाही! एकेक चाक होत गेलं. बुडबुडे बारीक झाले, मग विरळ झाले, मग नुसतं स्वच्छ ऑइल आलं. आणि मी? मी पुन्हा घट्ट झालो!

आज पहाटे अंगणात दोन-चारदा गाडी थांबवून बघितल्यावर बाबांनी ताईला किल्ली दिली आणि स्वतः शेजारी बसले. उतार सुरू झाला. पहिल्या वळणावर ताईनं मला दाबलं, तर बाबांचाही पाय शेजारच्या रिकाम्या जागेवर दाबला गेला. दुसऱ्या वळणावरही तेच. तिसऱ्या वळणावर मात्र तो पाय स्वस्थ होता.

मित्रांनो, घरात कुणी "पेडल जरा मऊ लागतंय" म्हणालं, तर आजचं उद्यावर ढकलू देऊ नका. आमची तक्रार आम्हाला तेवढ्याच भाषेत करता येते.

चौथ्या वळणाआधी बाबा म्हणाले, "इथे थांबव. मी हळूहळू चालत घरी जातो."

"का हो बाबा? आणखी निम्मा उतार आहे."

"म्हणूनच. तो तू एकटी उतर."

ताईनं मला दाबलं. गाडी जागच्या जागी थांबली आणि बाबा उतरले.