वरची कडी

अर्चना पाच फूट दहा इंच उंच होती. हे आधीच सांगणं भाग आहे, कारण पुढे जे झालं त्यात निम्मा दोष या उंचीचा होता. माहेरी तिला शिडी म्हणत. सासूबाई जरा सभ्य. त्या 'उंच वाढला एरंड' एवढंच म्हणून उरलेली म्हण गिळून टाकत. आयुष्यभर लोकांनी तिच्याकडून फळीवरचे डबे काढून घेतले होते. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू हात वर केला की मिळते, असा तिचा प्रामाणिक समज होता.

अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत मुलांच्या खेळण्याचं आणि वाढदिवसांचं एक सेंटर होतं, तिथे ती मॅनेजर होती. पुढे काउंटर, आईबापांसाठी कॉफीची टेबलं आणि पॉपकॉर्नचं मशीन. मागे पार्टीरूम. आणि पार्टीरूमच्या मागच्या भिंतीत आग लागली तर बाहेर पडायचं दार. या दाराला आतून एक आडवी दांडी होती. ती ढकलली की दार उघडायचं, मग ढकलणारं माणूस चार वर्षांचं का असेना. बाहेरून मात्र मूठ नाही, कडी नाही, नुसता गुळगुळीत पत्रा. म्हणजे आतल्याला अडवायचं नाही आणि बाहेरच्याला घ्यायचं नाही. ज्याने दार बनवलं त्याने विचार करून बनवलं होतं.

एका शनिवारी ॲरॉनने ती दांडी ढकलली. ॲरॉन म्हणजे कॅमिला लोपीसचा मुलगा, वय वर्षं चार. अकरा मिनिटं तो कुणालाच सापडेना. शेवटी वॉचमन अन्वरला तो पार्किंगमध्ये दिसला, रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या पाण्याच्या टँकरपासून चार हातांवर.

"आय वॉन्टेड टू सी द कॅट," ॲरॉन म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

कॅमिलाच्या दृष्टीने तो आता सुरू होत होता. ती मूळची वसईची, नोकरी बँकेत, आवाज ठणठणीत. "तुमच्या भरवशावर पोराला सोडलं होतं मी! ह्याला सेफ्टी म्हणता? ते दार आजच्या आज लॉक करा, नाहीतर मी मदर्स ग्रुपवर टाकते." त्या ग्रुपमध्ये सव्वादोनशे आया होत्या. आणि खरं सांगायचं तर कॅमिलाचं चुकत नव्हतं. तो टँकर अर्चनाच्याही डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

मालक हेमचंद्र साहेब दुबईत बसत. त्यांना तिने फोन लावला.

"साहेब, फायर एक्झिट लॉक नाही करता येत. अलार्म बसवू या. दांडीला हात लागला की वाजेल, आपण धावू."

"बसवा ना. मी कुठे नाही म्हणतोय?"

"अप्रूव्ह्ड कंपनीचाच लागतो. यायला तीन आठवडे."

"मग तोवर काहीतरी छोटंसं लावून टाका हो, खलास. तीन आठवड्यांत काय आग लागतेय?"

आग काही तारीख विचारून लागत नाही, हे अर्चनाला कळत होतं. अशा दाराला काही लावलेलं सापडलं तर सेंटरला सील लागेल हेही माहीत होतं, आणि मग मालक कुणाला बाहेर काढतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण ग्रुपवर सव्वादोनशे आया होत्या. तिने मनाची समजूत घातली: कुलूप लावायचं नाही म्हणतात ना, मग आपण कुठे कुलूप लावतोय? आपण कडी लावतोय.

सुतार आला. अर्चनाने दारापाशी उभं राहून हात सहज वर केला आणि पेन्सिलीने खूण केली, साडेसहा फुटांवर.

"मॅडम, थोडा नीचे?" सुताराने विचारलं.

"नको. बच्चे कुर्सी पे चढ जाते हैं."

पोरं खुर्चीवर चढतात, टेबलावर चढतात, एकमेकांच्या खांद्यावरही चढतात, सगळ्याचा विचार तिने केला होता. कडी पांढरी, दार पांढरं, कुणाच्या नजरेसही पडू नये. कडी लावल्याचं तिने फक्त कॅमिलाला कळवलं. कुबरा तिथेच फुगे फुगवत होती. पार्टीरूम कुबराच्या ताब्यात असे. हैदराबादची बाई, वय पंचेचाळीस, उंची चार फूट आठ इंच. अलार्म वाजला तर मुलांना मागच्या दाराने बाहेर न्यायचं काम तिचं, असं भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलं होतं. तक्ता अर्चनानेच लिहिला होता. कुबराने कडीकडे एकदा पाहिलं आणि पुढचा फुगा घेतला. मॅडमनी लावली म्हणजे काहीतरी विचार करूनच लावली असणार.

बाराव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पॉपकॉर्नच्या मशीनने पेट घेतला.

आग फार मोठी नव्हती, पण धूर भयंकर होता. काळा, तेलकट, आणि नेमका काउंटर आणि पार्टीरूम यांच्यामध्ये. अलार्म वाजला. अन्वर आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावला. आईबाप पुढच्या बाजूला, एकोणीस पोरं मागच्या. धुरातून जाता येईना. अर्चना बाहेर पडली आणि इमारतीला वळसा घालून मागच्या दाराशी पोचली.

दार बंद होतं. आतून दांडीचा आवाज येत होता, खाट, खाट, खाट. प्रत्येक वेळी दार बोटभर हलायचं आणि वर अडायचं. आत पोरं रडत होती.

"कुबरा! ऊपर! कडी ऊपर है!"

"मालूम है मॅडम! हात नै पहुँचरा!"

अर्चनाने पत्र्यावर दोन्ही हात टेकले. कडी कुठे आहे हे तिला इंचाइंचाने माहीत होतं. मधे फक्त दार होतं, आणि बाहेरून त्याला धरायला काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिची उंची कुणाच्या कामाची नव्हती. ती घाबरली, अगदी लहान मुलीसारखी घाबरली.

आत खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. पोरांच्याच बुटक्या खुर्च्या. एकीवर दुसरी रचली. धपकन कुणीतरी पडलं. पुन्हा ओढल्याचा आवाज. मग कडी सरकली.

पोरं खोकत, एकमेकांना ढकलत बाहेर आली. अर्चनाने मोजली, एकोणीस. पुन्हा मोजली. शेवटी कुबरा आली, लंगडत, ॲरॉनला कडेवर घेऊन.

अर्ध्या तासाने धूर निवळला होता. कॅमिलाने येऊन अर्चनाला मिठीच मारली. "बरं झालं गं तू कडी लावली होतीस. नाहीतर पोरं सैरावैरा पार्किंगमध्ये पळाली असती." दोन-तीन आयांनी माना डोलावल्या.  अर्चनाला ही शाबासकी चपराकीपेक्षा जास्त लागली.

सिव्हिल डिफेन्सचा, म्हणजे तिथल्या अग्निशमन खात्याचा, ऑफिसर कागद घेऊन पार्टीरूममध्ये आला. तरुण होता, कामापुरती हिंदी येत होती. हेमचंद्र साहेब तोवर फोनवर आलेच होते. "काही बोलू नका. विचारतील तेवढंच सांगा."

ऑफिसरने कुबराला विचारलं, "ये दरवाजा ठीक से खुला?"

कुबराने अर्चनाकडे पाहिलं. "हौ साब," ती म्हणाली. "एकदम ईझी."

ऑफिसरने खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेला. वर कुणी पाहिलं नव्हतं. पांढऱ्या दारावरची पांढरी कडी, कोण पाहतंय? नोकरी वाचली होती. दोन दिवसांत कडी काढून टाकली असती की झालं. पण कुबराचा सुजलेला घोटा अर्चनाला दिसत होता, आणि ती बाई आपल्यासाठी खोटं बोलली याची तिला मनापासून लाज वाटली.

"सर, एक मिनट."

तिने दार ओढून घेतलं. टाच न उचलता हात वर केला आणि कडी सरकवली.

"कुबरा, खोल."

"मॅडम, जाने दो ना..."

"खोल."

कुबरा पुढे झाली. चांगल्या पायाची टाच उचलून तिने हात ताणला, सगळं अंग ताणलं. बोटं कडीच्या वीतभर खाली थांबली. मॅडमनी खाली घे म्हटलं नव्हतं म्हणून तिने हात तसाच धरून ठेवला.

ऑफिसरने तो हात पाहिला, वरची कडी पाहिली, आणि मग मान उचलून अर्चनाकडे पाहिलं.

"किसने लगाया?"

"मैंने," अर्चना म्हणाली. "अपने हाथ से नाप के."