होडीची डावी तार

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी तार आहे. कपडे वाळत घालायची नव्हे, आधीच सांगून ठेवते. शिडाच्या एका लहान होडीची डोलकाठी मी डाव्या बाजूने धरून ठेवत असे. उजवीकडे माझी बहीण, पुढे थोरली. आम्ही तिघी होतो म्हणून ती काठी उभी होती. फोटो मात्र सगळे शिडाचे काढत. काढा म्हटलं! आम्ही सोडलं तर शीड पाण्यात आणि काठी डोक्यात.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला. बारीक तारांना पीळ देऊन मला घडवलं. पुढे कुलदीप नावाचा माणूस नौदलातून निवृत्त झाला आणि त्याने आमची होडी ट्रकवर घालून चांदूर बाजारकडच्या आपल्या गावच्या धरणावर आणली. गाव हसला. संत्री भरणारे विचारायचे, "कुलदीपभाऊ, समुद्र मागच्या ट्रकात येऊन राहिला काय?"

कुलदीप ऐकून घेई आणि मुलीला, प्रणालीला, होडी शिकवी. वारा सुटला की मी ताठ होऊन गुणगुणू लागे. तेव्हा हसणारेच काठावर उभे राहून "वा, पोरी!" म्हणू लागले.

कुलदीपची आई सत्यवतीबाई. तिच्यासमोर गावचा सरपंचही हळू बोले. दर दसऱ्याला ट्रॅक्टर आणि वखराबरोबर ती होडीचीही पूजा करायची. नजर लागू नये म्हणून माझ्या पायथ्याशी, जिथे मी होडीच्या कडेवरच्या, ताण कमी-जास्त करायच्या पेचाला जोडलेली होते, काळा दोरा गुंडाळायची. जुना दोरा तोडणं अशुभ, म्हणून त्याच्यावरच नवा. त्याचा चांगला जाड गोळा झाला. वरून थाट, आत पाणी. दोरा कधी सुकायचाच नाही. मी गंजले, आणि आतल्या आत माझ्या पिळातले पदर तुटू लागले. तारेला ओरडता येत नाही, मित्रांनो.

यंदा शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतून राज्याच्या संघाची निवड आमच्याच धरणावर ठरली. वयाच्या अटीमुळे प्रणालीची ही शेवटची संधी होती. त्या सकाळी तिने माझ्या पायाशी वाकून पाहिलं.

"आजी, हा दोरा काढा लागते. खाली काय हाय ते दिसतच नाही."

सत्यवतीबाई कापूस वेचून तशीच आली होती, ओटी भरलेली. "दसऱ्याचा दोरा हाय तो! हात त लावून पाह्य!"

"मंग झाकलेल्या तारेवर भरवसा ठेवू काय? वाऱ्यात काठी पडली त कोण वाचवीन मले?"

कुलदीप हळूच म्हणाला, "माय, तारेवरून कापूस फिरवला की समजते. पदर तुटला असन त कापूस अडकते."

"सरक. माह्या दोऱ्याचं मीच पाहीन."

तिने ओटीतला कापूस घेतला आणि माझ्यावरून खाली ओढत आणला. सर्रकन आला. दोऱ्याच्या तोंडाशी मात्र अडकला, आणि पांढरा झुपका तिथेच लोंबत राहिला. तिने तो एकदा पाहिला. मग विळा मागितला आणि सगळे दोरे एका हिसक्यात कापले. आत तांबडा गंज आणि तुटलेले पदर.

"दोरा पोरीसाठी बांधला व्हता," ती म्हणाली. "पोरगी दोऱ्यासाठी नाही. काढ हे तार!"

कुलदीपने ट्रंकेत जपून ठेवलेली नवी तार माझ्या जागी आली. घाईत कुलदीपने पेच इतका पिळला की काठी वाकली.

"बाबा, कापसाचा ट्रॅक्टर बांधून राहिले काय? ढील द्या!"

त्याने ढील दिली. सत्यवतीबाई मागे एक डोळा मिटून उभी. "डावीकडं झुकली. आणखी सोड. हां, आता तुह्या मानेपेक्षा सरळ हाय."

प्रणाली पाण्यावर गेली. मी म्हातारीच्या हातात वेटोळं होऊन होते. अर्ध्या वाटेत जोराचा वारा आला. होडी इतकी कलली की शिडाचं टोक पाण्याला टेकलं. म्हातारीने मला घट्ट आवळलं. माझे तुटके पदर तिच्या तळव्यात रुतले, तरी तिने मूठ सोडली नाही. नवी तार ताठ झाली, गुणगुणली, आणि तिने काठी धरून ठेवली.

संध्याकाळी पंचांनी निवडलेल्यांत प्रणालीचं नाव पुकारलं. सत्यवतीबाईचे कान चांगले शाबूत आहेत. तरी ती ओरडली, "जोरानं सांगा ना, मले आयकू नाही आलं!"

मित्रांनो, ज्यांच्या जोरावर तुम्ही उभे आहात त्यांना हार जरूर घाला. पण झोपाळ्याची कडी असो, सायकलचा ब्रेक असो, विहिरीचा दोर असो, हार बाजूला सारून जवळून बघत जा. बिघाड दिसला तर उद्यावर टाकू नका. उद्या वारा सुटणार नाही, असं कुणी लिहून दिलंय का?