भंगारातले सिनेमे

“थांब, थांब. मागे घे.”

श्यामसुंदर टिपणीसांनी खुर्चीतून अर्धवट उठत हात वर केला. सुमेधाने व्हीसीआरचं बटण दाबलं. पडद्यावरची माणसं भराभर उलटी चालू लागली, छाती पिटणारी बायको पाठमोरी धावत दाराबाहेर गेली आणि अंगणात पांढऱ्या चादरीखाली ठेवलेला जमीनदार पुन्हा समोर आला.

“आता लाव. त्याच्या डाव्या डोळ्याकडे बघ.”

दोघंही पुढे वाकली. जमीनदाराला मरून बराच वेळ झाला होता. गाव गोळा झालं होतं, मुलाने सूड घ्यायची शपथही घेऊन टाकली होती. तेवढ्यात एक माशी त्याच्या नाकावर बसली आणि प्रेताने डोळा मिचकावला.

“दिसलं?”

“दिसलं! आणि बाबा, नाकपुडीपण हलली.”

“म्हणजे मृत्यू संशयास्पद आहे,” टिपणीस गंभीरपणे म्हणाले. “पंचनामा पुन्हा करावा लागेल.”

सुमेधा हसता हसता सोफ्यावर आडवी झाली. टिपणीसांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि धोतराच्या सोग्याने काचा पुसत राहिले. चष्मा परत डोळ्यांवर चढवायची त्यांची हिंमतच होईना.

या घरात पहिले काही महिने असलं काही ऐकू येत नसे. पत्नी गेल्यानंतर टिपणीसांनी गिरगावातली खोली सोडली आणि वाशीला फ्लॅट घेतला. मुलाचं, अरविंदचं, लग्न त्याच फ्लॅटमध्ये ठरलं. लग्नानंतर दोन महिन्यांनी अरविंद नोकरीवर मस्कतला गेला आणि घरात सासरे आणि सून एवढीच उरली. इमारत नवी होती, निम्म्या दारांना कुलपं होती, आणि संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की गॅलरीतले कपडे चिमट्यांसकट उडत. चिपळूणहून आलेल्या सुमेधाला बोलायला कुणी नव्हतं. टिपणीसांची सगळी नोकरी कोर्टात गेलेली. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले तरी विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही ही सवय सुटली नव्हती.

“बाबा, चहा ठेवू?”

“ठेव.”

“साखर बरोबर आहे?”

“आहे.”

दिवसाचं बोलणं बहुतेक एवढ्यात आटपायचं. दोघंही एकमेकांशी फार चांगलं वागत. त्यामुळेच घर अधिक शांत वाटायचं.

मग अरविंदने सुट्टीवर येणाऱ्या मित्राबरोबर व्हीसीआर पाठवला. बाबांना नाटकं बघता येतील, असा निरोप होता. सुमेधा बाजारातल्या सितारामच्या व्हिडिओ लायब्ररीतून एक जुनं संगीत नाटक घेऊन आली. वेष्टन नाटकाचं होतं. आत कॅसेट निघाली भलत्याच हिंदी सिनेमाची. पहिल्या पाचच मिनिटांत दरोडा पडला. टिपणीसांना वाटलं, सुनेला बघायचा असेल. सुमेधाला वाटलं, सासरे बघतायत तर मध्येच कसं उठायचं? दोघंही संकोचाने बसून राहिली.

मध्यंतरानंतर कोर्टाचा प्रसंग आला. नायकाच्या वकिलाने साक्षीदार म्हणून एक घोडा कोर्टात आणला. घोड्याने आरोपीकडे बघून मान हलवली, आणि न्यायाधीशांनी नायकाला बाइज्जत बरी केलं.

टिपणीसांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. मग दुसरा. त्यांचे खांदे गदगदू लागले. सुमेधा घाबरून पाणी आणायला धावली. ती परत आली तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि एक बोट टीव्हीकडे रोखलेलं होतं.

“शपथ,” ते कसेबसे म्हणाले, “घोड्याला शपथ दिली नाही.”

सुमेधाच्या हातातलं पाणी सांडलं ते सांडलंच.

त्या दिवसापासून घराची रीत बदलली. सितारामलाही अंदाज आला. “वहिनी, हा नेऊ नका, एकदम बंडल पिक्चर हाय. लोक अर्ध्यातून परत आणतात,” तो म्हणाला की सुमेधा म्हणायची, “मग तोच द्या.” सिनेमांची नावं दोघांच्याही लक्षात राहत नसत. ‘मिशी डावीकडून उजवीकडे जाते तो’, ‘वाघाच्या पोटाची चेन दिसते तो’ अशी त्यांची घरातली नावं होती. कधीतरी चुकून चांगला सिनेमा यायचा. तो दोघंही मन लावून बघत, “छान होता,” म्हणत आणि झोपायला जात. दुसऱ्या दिवशी त्याच्याविषयी बोलण्यासारखं काहीच उरत नसे. वाघाची चेन मात्र आठवडाभर पुरायची. भाजी निवडताना, दळण आणताना, मध्येच कुणीतरी एक वाक्य टाकायचं आणि दुसरं हसू लागायचं. हसण्याच्या आडोशाने मग इतरही बोलणं येऊ लागलं. गेलेल्या सासूबाई वांग्याची भाजी कशी करायच्या, हे सुमेधाला तसंच कळलं. सुमेधाला आईची आठवण आली की ती घर उगाचच झाडत बसते, हे टिपणीसांना कळलं.

दीड वर्षाने अरविंद महिनाभराच्या रजेवर आला. वजन उतरलं होतं, गालफडं बसली होती. दोन मोठ्या बॅगा, साबण, अत्तरं, सुमेधासाठी दोन साड्या आणि तिच्या व्हिसाचे कागद घेऊन तो आला होता.

“कंपनीने फॅमिली क्वार्टर दिलंय,” पहिल्याच दिवशी तो म्हणाला. “माझ्याबरोबरच निघायचं.”

“बाबा एकटे राहतील हो,” सुमेधा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने हे आणखी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर अरविंदने कागद पाकिटात घालून कपाटात ठेवून दिले. सुमेधाचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ते पुरतंही नव्हतं. ज्याच्याबरोबर जायचं त्याच्याशी तिची ओळख दोन महिन्यांची होती, आणि तो घरात आल्यापासून पुन्हा सगळं फार चांगलं चाललं होतं. “जेवायला वाढू?” “वाढ.” “तिथे जेवणाचं काय करता तुम्ही?” “मिळतं की सगळं.” तो टॉवेल नीट घडी करून ठेवायचा, स्वतःचं ताट स्वतः उचलायचा. पाहुण्यासारखा. आणि मस्कतच्या त्या क्वार्टरमध्ये आपण दोघं समोरासमोर बसून असंच बोलत राहू, याची तिला धास्ती वाटायची. हे कुणाला सांगणार?

व्हीसीआरवर भरतकामाचं कापड घातलेलं होतं. मुलासमोर वाघ-घोडे लावायला टिपणीसांना अवघड वाटत होतं. ते गॅलरीत पेपर वाचत बसायचे.

रविवारी दुपारी अरविंदच म्हणाला, “एखादी कॅसेट आणू का? एवढा व्हीसीआर पाठवला, तुम्ही वापरता तरी का?”

“वापरतो अधूनमधून,” टिपणीस म्हणाले.

सुमेधा काही बोलायच्या आत तो चपला घालून गेलासुद्धा. अर्ध्या तासाने परतला तो खूश होऊन.

“लायब्ररीवाला ओळखतो वाटतं आपल्याला. टिपणीसांकडचा म्हटल्यावर आतून काढून दिली. म्हणाला, तुमच्यासाठीच ठेवली होती.”

टिपणीसांनी सुमेधाकडे पाहिलं. सुमेधाने पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात गेली.

सिनेमा सुरू झाला आणि सितारामची पारख पहिल्या दहा मिनिटांत सिद्ध झाली. नायक खुनाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात गेला. तुरुंगाच्या भिंतीला नायकाने पाठ टेकताच ती चांगली वीतभर आत गेली. टिपणीस खोकले. सुमेधाने खिडकीबाहेर बघितलं. अरविंद मात्र हाताची घडी घालून शांतपणे बघत होता, त्यामुळे दोघांनी स्वतःला सावरलं. नायकाचे केस पिकले, पण मिशी काळीच राहिली. दोघांनी तेही सोसलं.

शेवटी नायक सुटून घरी येतो. पावसापाण्याची संध्याकाळ. दार वाजतं. आत त्याची आई. नटी मुलापेक्षा निदान दहा वर्षांनी लहान, म्हणून तिच्या डोक्यावर पावडरचा डबा उपडा केलेला. ती दाराकडे निघाली तसा प्रत्येक पावलाला पावडरचा धूर निघू लागला. मागच्या भिंतीवरून कुणाचा तरी हात हळूच आला, कलता कंदील सरळ करून परत गेला.

“तिसरा हात!” टिपणीसांच्या तोंडून निसटलं.

मग बांध फुटला. सुमेधाने उशीत तोंड खुपसलं. “बाबा, पावडर... दम्याचा त्रास होईल त्याला...” टिपणीस खुर्चीचा हात थोपटत होते. इतक्या दिवसांचं साठलेलं हसू दोघांनाही आवरेना. पडद्यावर आईने दार उघडलं, मुलाला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “खाना खाया, बेटा?”

सुमेधाने उशीतून डोकं काढलं ते अरविंदला काहीतरी दाखवायला. ती तशीच थांबली.

अरविंद रडत होता. आवाज नव्हता. हात अजून घडी घातलेलेच होते, आणि गालावरून पाणी सरळ खाली शर्टावर पडत होतं. पुसावं हेही त्याच्या ध्यानात नव्हतं.

तिने हळूच हात लांबवून टिपणीसांच्या मनगटावर ठेवला. त्यांनी वळून पाहिलं आणि त्यांचं हसू ओसरलं.

सिनेमा चालूच होता. मागे घ्यायला कुणी सांगितलं नाही. पावडरने माखलेली ती पोरसवदा आई मुलाला भरवत राहिली, आणि तिघंही ते शेवटपर्यंत बघत राहिली. ‘समाप्त’ अशी पाटी आली तेव्हा अरविंदने मनगटाने तोंड पुसलं.

“फारच फालतू होता नाही?” तो म्हणाला.

“अतिशय,” टिपणीस म्हणाले. त्यांनी तांब्यातून पाणी ओतून पेला मुलाच्या हातात दिला. नंतर बराच वेळ त्यांचा हात अरविंदच्या खांद्यावर होता. पाणी पिऊन झालं तरी होता.

“तिथे चौघं एका खोलीत होतो,” अरविंद पेल्यात बघत म्हणाला. “शिफ्ट वेगवेगळ्या. मी यायचो तेव्हा बाकीचे झोपलेले असायचे.”

एवढंच म्हणाला. मग उठून आंघोळीला गेला.

सुमेधा स्वयंपाकघरात कुकरला शिट्टी लावत होती. टिपणीस रिकामा पेला ठेवायला आत आले. एरवी ते मोरीत पेला ठेवून निघून जायचे. आज ओट्यापाशी उभे राहिले.

“सुमेधा.”

“हं, बाबा?”

“मी इथे माणसांत आहे,” ते म्हणाले. “तळमजल्यावरचे सदूभाऊ रोज पत्ते खेळायला बोलावतात. मीच जात नाही.”

तिने मान हलवली. टिपणीसांनी डब्यातल्या दोन शेंगदाण्याच्या चिक्क्या काढल्या, एक तिच्या हातावर ठेवली आणि एक स्वतः खात बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक दूध आणायला गेले. सुमेधा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खालून दोघं जाताना दिसले. नव्या रस्त्याकडेची झाडं अजून कमरेएवढीच होती, त्यामुळे लांबवर दिसत राहिले. नेहमीसारखे, दोघांत हातभर अंतर ठेवून, समोर बघत चाललेले. टिपणीसांच्या हातात बाटल्यांची जाळी होती.

कोपऱ्यावर टिपणीस थांबले. अरविंदकडे वळून काहीतरी बोलले. काय, ते इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. अरविंद क्षणभर तसाच उभा राहिला. मग तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला, आणि शेवटी त्याने हसता हसता वडिलांच्या हातातली जाळी काढून घेतली; बाटल्या फुटू नयेत म्हणून असेल.

दोघं दिसेनासे होईपर्यंत सुमेधा कठड्याला टेकून उभी होती. मग उरलेले कपडे बादलीतच ठेवून ती आत गेली, स्टूल ओढलं आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली.